जोडीने सत्कार

आमच्या संस्थेत शिट्टी वाजण्याआधी ‘आता शिट्टी वाजणार आहे’ अशी सूचना दिली जायची. सूचना देणारे आणि शिट्टी वाजवणारे एकच, आमचे अध्यक्ष. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्यात अशी माणसं गल्लोगल्ली भेटतात, पण निवृत्तीनंतर शेती, राजकारण आणि भाऊबंदकी सोडून, घरातून निघून आलेल्या बायकांसाठी संस्था काढणारे हे एकटेच. का काढली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. सकाळी सात वाजता अंगणात शिट्टी, मग हजेरी, मग प्रार्थना, मग चहा. नवऱ्याच्या माराला कंटाळून पहाटे गाव सोडलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजर’ म्हणायला रांगेत उभी असायची.

ती सूचनेची पद्धत माझ्यामुळे पडली. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी सव्वीस वर्षांची, समाजकार्याची पदवी घेतलेली आणि तोंडानं फटकळ. पुण्याला तीन दिवसांचं शिबिर होतं, संस्था चालवणाऱ्यांसाठी. ज्यांनी मार खाल्लाय, दहशतीत दिवस काढलेत, अशा माणसांचं पुढारपण करणाऱ्यानं कसं वागावं, हा विषय. अध्यक्षांना पुण्याचं पाणी मानवत नव्हतं, म्हणून मी गेले. परत आले ते पाच नियम घेऊनच. लाल-निळ्या स्केचपेननं कार्डशीटवर लिहून ते मी कचेरीत टांगले. अचानक मोठा आवाज करू नये. मागून येऊन अंगाला हात लावू नये. बाईची हकिकत तिच्या परवानगीशिवाय कुणाला सांगू नये. तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये. पाचवा आता आठवत नाही, बहुतेक पाणी देण्याबद्दल होता.

अध्यक्षांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. म्हणाले, “पोरी, हे लय बेस हाय. उद्यापास्नं लागू.”

दुसऱ्या दिवशी अंगणात त्यांनी आधी सूचना दिली, मग शिट्टी फुंकली, मग सगळ्यांना सावधान करून नियम वाचायला घेतले. ते म्हणायचे, “अचानक मोठा आवाज!” आणि रांगेतून उत्तर यायचं, “करू नये!” पहिल्या दिवशी बायका पुटपुटल्या. अध्यक्षांनी आवाज वाढवायला सांगितला. आठवड्याभरात त्या अशा काही ओरडायला लागल्या की आदल्या रात्री आलेली एक बाई न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. तिला बाहेर काढायला दुपार झाली. आणि मी? मी त्या रांगेच्या कडेला हाताची घडी घालून उभी असायचे. संस्थेत बदल घडतोय असं वाटून माझा ऊर भरून यायचा. खोटं कशाला सांगू.

आता जिच्यासाठी हे सगळं सांगतेय, त्या बाईबद्दल. ती माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतली. माळावर शेरडं-मेंढरं सांभाळणारं घर, नवरा कधी मुंबईला कामाला, कधी गावात. मुंबईला असला की तिचे दिवस बरे जायचे. तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि तो कान जन्माला येताना चांगला होता, एवढं सांगितलं की पुरे. ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिला साताऱ्यात ठेवली नाही. माणमधला माणूस कोर्टाला, कचेरीला, दवाखान्याला साताऱ्यालाच येतो. भाजी आणायला गेली आणि दीर समोर उभा राहिला तर काय घ्या. म्हणून तिला सांगलीच्या केंद्रात पाठवली. हळदीच्या पेठेमागे एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या, तिथे पाच-सहा बायका शिवणकाम करायच्या. दीड वर्षात ती ब्लाउज बेतायला शिकली, अक्षर लावून वाचायला शिकली, आणि दारावर थाप पडली तरी हातातली कात्री न सोडता ‘कोन हाय?’ विचारण्याइतकी सावरली. नवरा तिला शोधत होता, हे आमच्या कानावर यायचं. ती कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. तिचं सगळं सावरणं एवढ्या एका गोष्टीवर उभं होतं.

संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा बैठकीत मी म्हणाले, दर वर्षी देणगीदारांचे सत्कार करतो, यंदा आपल्याच एका बाईचा करू. टाळ्या पडल्या. कुणाचा करायचा यावर मतदान झालं आणि माणची बाई चार विरुद्ध दोन मतांनी निवडून आली. तिला विचारलं का, असं कुणी म्हणालं नाही. भिंतीवर चौथा नियम लाल अक्षरांत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. पत्रिकेतला तिच्या गौरवाचा मजकूर मीच लिहिला. ‘संकटावर धैर्याने मात करणाऱ्या’ हे शब्द माझे. चांगले जमलेत असं वाटून मी ते घरी आईलाही वाचून दाखवले होते.

पुढचं काम आमच्या कारकुनांकडे. हे एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या हातून कधी चूक होत नाही असा त्यांचा लौकिक होता. छापखान्यात मजकूर देताना त्यांच्या लक्षात आलं की सत्कार एकट्या बाईचा लिहिलाय. नवरा हयात असलेल्या बाईला स्टेजवर एकटीला उभी करायची आणि शाल द्यायची, हे त्यांना अभद्र वाटलं. आमच्याकडे सत्कार जोडीनंच होतात. बाई वकील असो की सरपंच, नवरा शेजारी उभा राहतो आणि शाल त्याच्याही खांद्यावर पडते. त्यांनी आपल्या हातानं तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव घातलं. सामानाच्या यादीत एक फेटा वाढवला. मग माझ्याच फायलीतून, ‘पतीचे नाव व पूर्ण पत्ता’ या रकान्यातून पत्ता उतरवून घेतला आणि पत्रिका टपालानं पाठवली. पोच-पावतीसह.

माझी नजर फिरली होती ती छापखान्यात जाण्याआधीच्या मजकुरावर; छापून आलेली पत्रिका मी न उघडताच पर्समध्ये टाकली होती, म्हणून हे मला कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साडेदहाला कळलं. मी आदल्या दिवशीच तिला सांगलीहून घेऊन आले होते. “साताऱ्याला कार्यक्रम आहे, चल,” एवढंच म्हणाले होते आणि ती निघाली होती, कारण संस्थेत चल म्हटलं की निघायचं असतं. सभागृहाच्या मागच्या स्वयंपाकघरात ती इतर बायकांबरोबर मसालेभाताचे कांदे चिरत होती. मी दारात रांगोळी घालत होते. तेवढ्यात रस्त्यावरून हलगी ऐकू आली. मला वाटलं, कुणाची तरी वरात आहे. तर एक टेम्पो येऊन आमच्याच दारात थांबला. हौद्यातून चौदा-पंधरा माणसं उतरली, सगळ्यांच्या कपाळाला गुलाल. पुढे पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस, हातात आमची पत्रिका.

“रामराम. ह्यो सत्कार हितंच हाय न्हवं?” तो म्हणाला.

मी त्याला पूर्वी पाहिलं नव्हतं. पत्रिकेवरच्या नावाखाली त्यानं पेनानं रेघ मारली होती, त्यावरून ओळखला. माझ्या हातातली रांगोळी तशीच चिमटीत राहिली. माणूस दिसायला इतका साधा होता की मला त्याचाच राग आला. त्याच्या घराण्यात छापील पत्रिकेवर नाव आलेला तो पहिला. त्यामुळे अख्खी भावकी आली होती, आणि शेरडं नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं सकाळी टेम्पो धुतला होता, हेही त्यानं मला कौतुकानं सांगितलं. मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, एक इचारू का? ह्यात संकट म्हनून लिवलंय. कंचं संकट आलतं वो तिला?”

मी “चहा घ्या” म्हणाले. कारकून धावत आले, त्यांनी पाहुण्यांना अत्तर लावलं आणि मला बाजूला घेऊन समाधानानं म्हणाले, “पोच आली होती, पण माणूस येईलच याची खात्री नव्हती. बरं झालं.”

मी स्वयंपाकघरात पळाले आणि तिला सांगितलं. तिनं समोरची विळी आडवी केली, पदराला हात पुसले आणि कोपऱ्यात काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या. स्वयंपाकघरात, चुलीपाशी. मग पिशवी काखेत घेऊन मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. मी बोलतच सुटले. पोलीस बोलवू, तुला कचेरीत कुलपात ठेवू, नाहीतर सगळ्यांसमोर त्याला जाब विचारू, घाबरू नकोस, मी आहे. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते, म्हणजे त्यातलं तिला काही ऐकूही गेलं नसणार.

दाराबाहेरून आवाज आला, “आता मी आत येनार हाय.” आणि अध्यक्ष आत आले. त्यांना कारकुनांकडून सगळं कळलं होतं. एरवी माणूस आत आला की हुकूम सुटायचे. त्या दिवशी ते बटाट्याच्या पोत्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्या उजव्या बाजूला जरा सरकले आणि म्हणाले, “बाई, चूक आमची हाय. मोठी हाय. आता काय करायचं ते तू सांग. तू म्हनशील तसं.”

स्वयंपाकघरात भात रटरटत होता. त्या माणसानं फौजेतही कुणाला असं विचारलं नसावं. मी मधे बोलायला तोंड उघडलं तर अध्यक्षांनी हातानंच मला गप्प केलं. शेवटी ती म्हणाली, “त्येला वर बसवा. फेटा बांधा, हार घाला. खाली उतरू दिऊ नगा.” मग माझ्याकडे वळून, “सांगलीची येष्टी कितीची हाय?”

“एकची,” मी म्हणाले.

“तवर बोला,” ती अध्यक्षांना म्हणाली.

आमच्या अध्यक्षांना भाषणांचा तिटकारा होता. पाच मिनिटांवर कुणी गेलं की ते घड्याळ दाखवायचे. पण हुकूम तो हुकूम. पुढचं मी पाहिलं नाही, नंतर कारकुनांच्या इतिवृत्तात वाचलं, आणि त्यांचं इतिवृत्त कधी चुकत नाही. नवऱ्याला सन्मानानं व्यासपीठावर नेलं. फेटा बांधला, हार घातला, शाल पांघरवली आणि मांडीवर नारळ दिला. शेजारची खुर्ची रिकामी. ‘बाईंची आत ओटी भरणं चालू आहे,’ असं जाहीर झालं. मग अध्यक्षांनी माइक हातात घेऊन सांगितलं की आज सभागृहातल्या प्रत्येक माजी सैनिकानं दोन शब्द बोलावेत अशी संस्थेची इच्छा आहे. साताऱ्यातलं सभागृह ते. पहिल्या चार रांगा माजी सैनिकांच्याच होत्या. दोन शब्द म्हणून उठलेला एकेक जण बर्फातल्या चौकीवर जाऊन, तिथे वर्षभर राहून परत यायचा.

तो माणूस हलू शकत नव्हता. मांडीवर नारळ असताना, प्रमुख पाहुणे शेजारी बसलेले असताना, आपली सगळी भावकी समोर बघत असताना सत्कारमूर्तीला उठता येत नाही. एकदा तो खुर्चीतून जरासा उठला तर त्याचाच चुलता खालून ओरडला, “बस की रं गप! काय रीतभात हाय का न्हाई?” शेवटी त्यालाही बोलायला दिलं. बायकोला मी कधी काही कमी पडू दिलं नाही, असं तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात तसं लिहिलंय, ‘सभागृह हेलावले’. हे वाचताना मी तो कागद फाडायच्या बेतात होते.

आम्ही दोघी तोवर मागच्या बोळातून रिक्षानं स्टँडवर पोचलो होतो. एकची गाडी सव्वाला सुटली. त्या पंधरा मिनिटांत ती खिडकीखाली वाकून बसली होती आणि मी तिच्यावर पेपर धरला होता. गाडीनं सातारा सोडला तशी मी मोकळी झाले. कऱ्हाडपर्यंत मी हसत होते. त्याचा फेटा, तो नारळ, दोन शब्द! मी तिला सांगत होते की आता सांगलीला गेल्यावर काय करायचं. केंद्राच्या दाराला दुसरी कडी लावू, रात्री दोघी-दोघी झोपा, शेजारच्यांना सांगून ठेवू. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ती पत्रिका हाय का तुमच्याकडं?”

माझ्या पर्समध्ये होती. तिनं ती उघडली नाही, उलटी केली. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागली. तिला किती वेळ लागला असेल, एक पूल आणि दोन फाटे गेले. मागच्या पानावर ‘आमची केंद्रे’ होती. सांगलीचा पत्ता, गल्ली, खोली, आणि खूण म्हणून समोरची पिठाची गिरणी. पाहुणे चुकतात म्हणून ती खूण आठवणीनं घालायला मीच सांगितली होती. अशा शेकडो पत्रिका छापल्या होत्या आणि त्यातली एक त्याच्या खिशात होती.

कारकुनांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या सकाळपासून. त्यांनी तिच्या नवऱ्याला तिच्या दारात आणलं, आणि मी त्याला तिच्या दुसऱ्या दाराचा पत्ता दिला, शुद्धलेखन तपासून. मला शरम वाटली. आजही वाटते. हल्ली मला अशा शिबिरांत बोलायला बोलावतात, त्या विषयाला आता मोठं इंग्रजी नाव आहे आणि पडद्यावर चित्रं दाखवतात. मी हे सांगितलं की लोक फेट्यापर्यंत हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही.

सांगली स्टँडवर उतरलो तेव्हा पाच वाजले होते. मी म्हणाले, “केंद्रात नको जाऊस. मिरजेला माझी मावशी असते, तिच्याकडे राहा. मी आत्ता पोचवते.”

“नगं.”

“मग कुठे जाणार?”

“हाय एक ठिकान. शिवायला येनाऱ्या एका बाईनं सांगितलंय.”

“कुठे? कोण बाई? मला सांग तरी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, पण त्या वेळी मला फार मोठी वाटली. म्हणाली, “न्हाई ताई. तुमाला सांगितलं तर तुमी लिवून ठिवाल.”

मला झोंबलं. खरं सांगते, क्षणभर मला तिचाच राग आला. सकाळपासून मी हिच्यासाठी जीव टाकतेय आणि ही मला त्याच्या रांगेत बसवते? तोंडाशी आलं होतं माझ्या. पण पर्समध्ये तिची फाईल होती, ती मी कार्यक्रमाला दाखवायला म्हणून बरोबर घेतली होती, आणि त्यात ‘सध्याचा पत्ता’ असा एक रकाना होता. मी तो भरला असता. त्याच संध्याकाळी, चांगल्या अक्षरात.

“माजी कातर केंद्रात ऱ्हायली,” ती म्हणाली. “ती आता मागवू नगा. कुनालातरी वापरू द्या.”

मग तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि समोरच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट केलं. “आता जरा तिकडं तोंड करा.”

मी केलं. विटा, तासगाव, जत, इस्लामपूर, मिरज जलद, मिरज साधी. मागून गाड्यांचे आवाज येत होते, कंडक्टरची घंटी वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. तिची पावलं मला ऐकू आली नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत फलक वाचून झाला, तेव्हा मी तो परत वरून वाचायला घेतला. मग तिसऱ्यांदा वाचला, न जाणो ती अजून तिथेच उभी असली, मी वळते की काय ते बघत.